मुलांमधील करोनाचे बदलते स्वरूप व 'मूल' ह्या शब्दाची व्याप्ती

मे २०२१ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात ८,००० हून अधिक मुले करोनाबाधित आढळली, ही वार्ता देशभर पसरली. तिसरी लाट मुलांची असणार, हे भाकीत तत्पूर्वीच सर्वतोमुखी झाले होते. त्याला ह्या आकड्याने जणू पुरावाच मिळाला. वैद्यकावर मत देण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही. परंतु त्या वार्तेतील 'मुले' हा शब्द भाषाभ्यासकाच्या कक्षेत निश्चित येतो.

शासकीय गणनेत अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती 'मूल' ठरते. लोकभाषेची वाटणी निराळी आहे. तान्हे, रांगते, पोर, पोरगा असे टप्पे ती मानते. ह्याच जिल्ह्याच्या पश्चिमेस, अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात, सतरा वर्षांचा मुलगा भाताच्या आवणीला मोठ्यांच्या बरोबरीने वाफ्यात उभा असतो. त्याला 'लहान मूल' कोणी म्हणणार नाही. पण वार्ता वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आले ते पाळण्यातले बाळ.

आकडाही एकटा वाचण्याजोगा नव्हता. जिल्ह्यातील त्या महिन्याच्या एकूण बाधितांच्या तो सुमारे १० टक्के होता. लोकसंख्येत मात्र अठराच्या आतील व्यक्ती एक-चतुर्थांशाहून अधिक आहेत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून २०२१ मध्ये दिलेल्या माहितीनुसार देशातील बाधितांत १ ते १० वर्षे वयोगटाचा वाटा पहिल्या लाटेत ३.२८ टक्के व दुसरीत ३.०५ टक्के होता. ११ ते २० वयोगटाचा ८.०३ वरून ८.५७ टक्क्यांवर गेला. म्हणजे वाटा जवळजवळ स्थिर राहिला. वाढली ती लाटच. शिवाय 'मुलांची लाट' ह्या प्रयोगातील षष्ठी कोणता संबंध दाखविते, हेही मोघम राहते. मुलांनाही बाधणारी, की मुलांनाच बाधणारी?

ह्याचा अर्थ मुलांमधील आजार बदललाच नाही, असा मात्र नव्हे. २०२० मध्ये बहुतेक मुलांना तो सौम्य झाला, कित्येकांना तर कळलाही नाही. ज्या ग्राहक-प्रथिनाला धरून विषाणू पेशीत शिरतो, ते मुलांच्या नाकाच्या अस्तरात कमी असते आणि त्यांची उपजत प्रतिकारशक्ती अधिक तत्पर असते, अशी कारणे त्यास दिली जातात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटनमधील वैद्यांच्या ध्यानात एक निराळी व्याधी आली. करोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही थोड्या मुलांना तीव्र ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, पोटदुखी आणि हृदयावर सूज येऊन रक्तदाब घसरणे, असा हा प्रकार. वैद्यकाने त्यास 'मल्टिसिस्टम इन्फ्लमेटरी सिंड्रोम' असे लांबलचक नाव दिले. तो प्रामुख्याने शाळेत जाण्याच्या वयातील मुलांना होई. प्रतिपिंडे शिरेतून देणे आणि स्टेरॉइड हा उपचार वेळीच झाल्यास बहुसंख्य मुले बरी होत. अडचण आहे ती ह्या 'वेळीच' मध्ये. घरातली सर्दी महिन्यापूर्वीच विसरलेली. समोर दिसते ती पोटदुखी. ह्या दोहोंचा संबंध सांगणारा एकही रूढ मराठी शब्द नसता रतनवाडी वा घाटघरच्या आईबापांनी राजूर, अकोले, संगमनेर असा प्रवास लगोलग का करावा? परिभाषेची उणीव येथे केवळ कोशकारांची चिंता राहत नाही.

२०२१ च्या डेल्टा लाटेत किती मुलांना संसर्ग झाला, ह्याचा अंदाज जून-जुलैमधील चौथ्या राष्ट्रीय सर्वेक्षणावरून आला. ६ ते ९ वर्षांच्या ५७.२ टक्के व १० ते १७ वर्षांच्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. ज्या लाटेची भीती दाखविली जात होती, तिच्याआधीच निम्म्याहून अधिक मुले विषाणूला भेटून गेली होती.

जानेवारी २०२२ च्या लाटेत ओमायक्रॉन आला आणि आजाराची जागा बदलली. फुप्फुसाऐवजी घसा व स्वरयंत्र ह्यांवर त्याचा भर. कुत्रे भुंकल्यासारखा खोकला आणि तापातली आकडी हे प्रकार लहानांत अधिक दिसू लागले; उलट, वर वर्णिलेला उत्तर-आजार पुष्कळच कमी झाला. अनेक देशांत मुलांपैकी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सर्वांत अधिक राहिले ते वर्षाच्या आतील तान्ह्यांचे. २०२३ च्या वसंतात भारतातील काही बालरोगतज्ज्ञांनी अगदी लहान बालकांत डोळे चिकटण्याचे लक्षणही नोंदविले.

तेव्हा २०२० मधील उत्तर-आजाराचे 'मूल' आठ-नऊ वर्षांचे, मे २०२१ च्या आकड्यातले बहुशः किशोरवयीन आणि २०२२ नंतरचे तान्हे. शब्द मात्र एकच चालत आला. लसीकरणाने पायऱ्या पाडल्या त्या वरून खाली: १५ ते १८ वर्षांसाठी ३ जानेवारी २०२२ पासून, १२ ते १४ साठी १६ मार्चपासून. बारा वर्षांखालील मुले राष्ट्रीय कार्यक्रमात आलीच नाहीत. तान्ह्याच्या वाट्याला आले ते, आईने गरोदरपणी लस घेतली असल्यास, तिच्याकडून मिळालेले काही महिन्यांचे संरक्षण.