देवमाशाच्या हाडातलं तेल

रांजणगाव-कारेगावच्या एमआयडीसीत पावडर कोटिंगच्या शॉपवर काम केलेल्या माणसाला ‘डिग्रीसिंग’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सात टाक्यांच्या रांगेतली पहिली टाकी तीच. पत्र्यावरचं तेल गरम द्रावणात काही मिनिटांत सुटतं, कारण ते वरवरचं असतं. देवमाशाच्या हाडात ते आत मुरलेलं असतं.

१८ मे हा संग्रहालय दिन. मे महिन्याच्या सुट्टीत कोकणात गेलेली मंडळी रत्नागिरीला झाडगावच्या मत्स्यालयातल्या देवमाशाच्या ५५ फुटी सांगाड्यापुढे उभं राहून फोटोही काढून येतात. ‘केवढा मोठा!’ हे सगळेच म्हणतात. एवढं हाड साफ कसं केलं असेल, हे क्वचितच कुणी विचारतं.

बैलाच्या नळीसारखी मध्ये पोकळी आणि भोवती टणक भिंत, अशी या हाडाची रचना नसते. ते स्पंजासारखं सच्छिद्र, आणि छिद्रं तेलाने भरलेली. काही हाडांत तर निम्म्याहून अधिक वजन चरबीचंच. उकळलं तर हाड तडकतं, ब्लीच ओतलं तर ठिसूळ होतं. आणि तेल तसंच ठेवून टांगलं तर ते पाझरतं. अमेरिकेत न्यू बेडफर्डच्या व्हेलिंग म्युझियममध्ये १९९८ साली मेलेल्या अल्पवयीन निळ्या देवमाशाचा सांगाडा २००० पासून टांगलेला आहे, आणि तो अजून ठिबकतो. तिथल्या लोकांनी खाली चक्क काचेचं भांडं लावलंय. लाज लपवण्यापेक्षा हे बरं.

मला भावतो तो सांगाडे जुळवणारा कॅनडाचा माइक डीरूस. १९८७ मध्ये प्रिन्स एडवर्ड बेटावर २६ मीटरचा निळा देवमासा मेला आणि पुरला गेला. वीस वर्षांनी डीरूस आणि मंडळींनी खड्डा उकरला. अपेक्षा कोरड्या हाडांची, निघालं काय, तर कातडी-मांस शाबूत आणि असह्य दुर्गंध! चिकट मातीत हवाच पोचली नव्हती, मग कुजणार कसं? पुढे हाडं टाक्यांत बुडवून चरबी फोडणारं विकर, म्हणजे लायपेज, वापरलं. आपल्या कपड्यांच्या पावडरीतही याच जातीचं विकर असतं. २०१० मध्ये तो सांगाडा व्हँकुव्हरला उभा राहिला.

आपल्याकडे काय होतं? जानेवारी २०१६ मध्ये जुहूला आलेला देवमासा किनाऱ्यावरच पुरला. विल्हेवाट म्हणून ते रास्तच. पण हाडं हवी असतील तर पुरणं ही पहिली पायरी असते: भुसभुशीत, निचऱ्याची वाळू, खड्ड्याची खूण आणि कोणतं हाड कुठे आहे याची वही. परवानगीचे कागदही हवेत, कारण देवमासा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित. देवमाशाची ‘उलटी’ पकडल्याची बातमी कोटींच्या आकड्यासह ठळक छापून येते. खड्ड्यातल्या हाडांवर मात्र चार ओळीही येत नाहीत, आणि यात आम्ही लिहिणारेही आलोच.