रंगाच्या कणांतून सापडलेले रेणू

गँबोज हा झाडाच्या चिकापासून मिळणारा पिवळा रंग. कोकणातले कोकम ज्या गार्सिनिया वंशातले, त्याच वंशातल्या झाडांचा हा चीक. तो पाण्यात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की त्याचे बारीक गोल कण सतत थरथरताना, भरकटताना दिसतात. फ्रेंच भौतिक रसायनशास्त्रज्ञ झां पेरँ (१८७०–१९४२) यांनी रेणूंच्या अस्तित्वाचा पुरावा या कणांतून काढला.

अशी हालचाल वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये नोंदवली होती. तिचे गणित मात्र १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी मांडले. द्रवाचे रेणू कणावर सगळीकडून आदळतात; धडका कधीच पुरत्या समतोल नसतात, म्हणून कण ढकलला जातो. कण किती वेगाने पसरतील, म्हणजेच त्यांचे विसरण, हे तापमान, कणाची त्रिज्या आणि द्रवाची विष्यंदिता यांवर ठरते. विष्यंदिता म्हणजे वाहण्याला होणारा द्रवाचा अंतर्गत विरोध. काकवीत तो पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. या राशी मोजल्या, की एका मोल पदार्थात किती रेणू असतात ती अॅव्होगाड्रो संख्या हाती येते.

सूत्र सोपे होते, कण मिळवणे अवघड. सगळे कण एकाच आकाराचे हवेत. त्यासाठी पेरँ यांनी एक किलो गँबोज अपकेंद्री यंत्रात पुन्हा पुन्हा फिरवला. काही महिन्यांनी हाती आले ते ग्रॅमचे काही दशांश! कण द्रवात किती सावकाश खाली बसतात हे पाहून, स्टोक्सच्या नियमाने त्यांची त्रिज्या काढली. मग वेगवेगळ्या उंचीवरचे कण मोजले. ०.२१ मायक्रॉन त्रिज्येच्या कणांची दाटी दर ३० मायक्रॉन उंचीला साधारण निम्मी होत होती. हवाही उंचीबरोबर अशीच विरळ होते, फक्त तिथे निम्मे व्हायला काही किलोमीटर लागतात. या मोजणीतून अॅव्होगाड्रो संख्या ६.८ × १०²³ च्या आसपास आली. ३०–३० सेकंदांनी कणांच्या जागा टिपून केलेल्या मोजणीचे उत्तरही याच्या जवळ होते.

विष्यंदितेचा किस्सा तर याहून रंजक. द्रवात कण मिसळले, की तो किती दाट होतो याचेही सूत्र आइन्स्टाइन यांनी दिले होते. पेरँ यांच्या प्रयोगशाळेत बांसलँ यांनी ते तपासले. दाटपणा कणांच्या आकारावर नव्हे, त्यांच्या एकूण घनफळावर अवलंबून राहतो, हे पटले. पण वाढ सूत्राच्या जवळजवळ चौपट निघाली. आइन्स्टाइन यांनी आपले गणित सहकारी लुडविग हॉप्फ यांच्याकडून तपासून घेतले, तेव्हा चूक सापडली ती गणितातच. १९११ मध्ये सूत्रातला १ हा गुणक बदलून २.५ झाला.

अणू ही केवळ सोयीची कल्पना आहे, असे म्हणणारे रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड १९०९ पर्यंत मत बदलून मोकळे झाले होते. पेरँ यांना १९२६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आज हीच रीत उलट्या दिशेने वापरतात. अॅव्होगाड्रो संख्या आता ठाऊकच असल्याने, प्रथिनाचा रेणू किंवा रंगाचा कण द्रवात किती वेगाने पसरतो हे प्रकाशाच्या साहाय्याने मोजून त्याचा आकार काढला जातो.