मावशीचा दमा, जो दमा नव्हता

धारच्या माझ्या मावशीला दोन वर्षं दम्याचा पंप चालू होता. जिना चढली की धाप लागायची, पण पंपाने काही फरक नाही. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. दम्यात शिट्टी छातीत वाजते, आणि बहुधा श्वास सोडताना. मावशीची गळ्यात वाजायची, श्वास आत घेताना. शेवटी इंदूरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतूंच्या जरा खाली श्वासनलिका आवळली होती. नाव सबग्लॉटिक स्टेनोसिस.

तिथे क्रिकॉइड नावाची कूर्चा असते. श्वासनलिकेच्या बाकीच्या कड्या मागून उघड्या, घोड्याच्या नालासारख्या. ही एकच पूर्ण बांगडी. त्यामुळे आत व्रण धरला की तो बाहेर पसरत नाही, वाटच खातो. व्यास निम्मा झाला की हवेला जागा निम्मी नाही, पावच उरते. (त्रिज्येचा वर्ग आठवा!) बहुतेकांना हे व्हेंटिलेटरची नळी बरेच दिवस घशात राहिल्याने होतं. मावशीला तसं काहीच झालं नव्हतं. कारण न सापडणारा हा प्रकार फार दुर्मीळ, आणि होतो तो जवळजवळ फक्त बायकांना.

उपचार दोन तऱ्हेचे. एक, भूल देऊन तोंडावाटे दुर्बिणीतून व्रणाला चिरा द्यायच्या, फुगा फुगवून वाट रुंद करायची, वर स्टेरॉइडचं इंजेक्शन. मावशी दुसऱ्याच दिवशी जिना चढली. पण व्रण पुन्हा धरतो. कुणाला काही महिन्यांत, कुणाला काही वर्षांत. दुसरा उपाय म्हणजे गळा उघडून आवळलेला भागच काढायचा आणि नळी जोडायची. आजार सहसा परतत नाही. मात्र स्वरतंतू ताणणारा स्नायू त्याच कूर्चेवर बसलेला असतो. तो दुखावला की आवाज खाली उतरतो, वरचे सूर जातात.

मावशी भजनी मंडळात गाते. "दर वर्षी फुगा फुगवून घेईन, पण काळी चार सोडणार नाही," म्हणाली.

मग घरात देवासच्या कुमारजींचा दाखला निघाला. कुमार गंधर्व 1948 मध्ये देवासला आले ते क्षयाने आजारी होऊन. काही वर्षं गाणं बंद, स्ट्रेप्टोमायसिनने वाचले, आणि एक फुप्फुस जवळजवळ निकामी असताना पुन्हा गायले. "ते गायले, तूही गाशील, कर ऑपरेशन," असं काका म्हणायचे. मला हा दाखला पटत नाही. कुमारजींचा भाता अर्धा झाला होता. सुराची जागा शाबूत होती. मावशीचा भाता ठणठणीत आहे, आणि सुरी चालायची ती नेमकी सुराखाली.

आता तिच्या पर्समध्ये डॉक्टरांची चिठ्ठी असते. कुठेही, कशासाठीही भूल द्यायची वेळ आली तर आधी दाखवायची: घशात नेहमीच्या मापाची नळी जाणार नाही, लहान घ्या.