परक्याची हजेरी

कारखान्यात हजेरीपट असतो. ज्याचे नाव पटावर नाही, तो दिवसभर यंत्रापाशी उभा राहिला तरी कागदाच्या दृष्टीने तो तेथे नव्हताच. आणि पुढे त्याचा हात यंत्रात सापडला म्हणजे भरपाईच्या वेळी मालक हेच सांगतो. कामगार संघटनेच्या कामात आयुष्याची बरीच वर्षे गेल्यामुळे परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा विषय मला परका वाटत नाही. तोही एक हजेरीपटच आहे. कामगार हजेरी लागावी म्हणून भांडतो. परदेशी माणसाची हजेरी चुकली तर तो तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन येतो. सन २०२० मध्ये सारे जग दारे लावून घरात बसले, तेव्हा या हजेरीचे काय झाले आणि त्यात आपल्या शहराचा संबंध कसा आला, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम कायदा. तो आपला नव्हे, इंग्रजांनी मागे ठेवलेला. परकीयांच्या नोंदणीचा कायदा १९३९ चा. युरोपात महायुद्धाचे ढग जमले होते आणि आपल्या राज्यात कोण परका कोठे राहतो हे सरकारला कळावयास हवे होते. त्यानंतर १९४६ चा परकीय नागरिकांचा कायदा आला. त्यातील एक कलम विलक्षण होते. एरवी गुन्हा केला हे सरकारने सिद्ध करावयाचे असते. येथे मी परका नाही हे ज्याच्यावर बोट रोखले त्याने सिद्ध करावयाचे. या दोन कायद्यांवर १९९२ चे नियम उभे होते आणि २०२० मध्ये कारभार चालला तो यांवरच.

व्यवहारात त्याचा अर्थ असा होता. १८० दिवसांहून अधिक मुदतीचा व्हिसा घेऊन शिकावयास किंवा नोकरीस आलेल्या परदेशी माणसाने साधारणपणे १४ दिवसांच्या आत नोंदणी करावयाची. शहरात पोलीस आयुक्तालयात, जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांच्या कचेरीत. राहण्याचा परवाना मिळे तो मुदतीचा. मुदत संपण्यापूर्वी तो वाढवून घ्यावयाचा, पत्ता बदलला तर कळवावयाचे, देश सोडताना कळवावयाचे. त्याला ज्याने जागा दिली त्याने ‘फॉर्म सी’ भरून २४ तासांत वर्दी द्यावयाची. या नियमातील ‘हॉटेल’ या शब्दाचा पसारा मोठा होता. त्यात सराई आली, क्लब आला, डाकबंगला आला, पैसे घेऊन पाहुणे ठेवणारे घरही आले. कॉलेजाने किंवा विद्यापीठाने भरावयाचा तो ‘फॉर्म एस’ निराळा. २०१८ पासून यातील बहुतेक कामे ‘ई-एफआरआरओ’ नावाच्या संगणकी व्यवस्थेतून घरबसल्या करण्याची सोय झाली. सोय खरीच, पण घरबसल्या करावयाच्या कामालाही घराबाहेरचे कागद लागतात, हे त्या वेळी कोणाच्या फारसे ध्यानात आले नव्हते.

आपल्या शहराला परका माणूस नवा नाही. ज्याने १६१० साली येथे खडकी वसवली तो मलिक अंबर हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला. बगदादकडून फिरत फिरत तो दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीत वजीर झाला. पुढे हैदराबादच्या निजामाच्या राज्यात परका ठरविण्याचा निराळाच हिशोब होता: ‘मुल्की’ आणि ‘गैरमुल्की’. १९१९ च्या फर्मानाने मुल्की ठरण्यास पंधरा वर्षांचा रहिवास लागे, आणि तो नसेल तर सरकारी नोकरी नाही. म्हणजे पुण्यातला मराठी मास्तर येथे परका; उलट निजामाच्या फौजेतील अरब, ज्यांचे वाडवडील येमेनच्या हद्रमौत भागातून आले, ते घरचे. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हा हिशोब उलटला आणि त्या अरबांपैकी अनेकांच्या मागे परकेपणाची चौकशी लागली. परका कोण हे रक्तावर कधीच ठरत नाही. ते त्या त्या वेळच्या रजिस्टरावर ठरते.

आता येमेनचेच विद्यार्थी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात शिकावयास येतात. बेगमपुरा, पहाडसिंगपुरा या बाजूला खोल्या घेऊन राहतात. त्यांच्यापुढे २०२० मध्ये काय वाढून ठेवले होते ते तारखांवरून पाहा. ११ मार्चला भारत सरकारने थोडे अपवाद सोडून सर्व व्हिसे स्थगित केल्याचे जाहीर केले. २२ मार्चपासून परदेशांतून येणारी प्रवासी विमाने थांबली. २३ मार्चला महाराष्ट्रात संचारबंदी झाली आणि २४ च्या मध्यरात्रीपासून सारा देश बंद. ज्याची मुदत एप्रिलात संपत होती त्याला जावयास वाट नाही आणि राहावयास परवाना नाही. येमेनच्या मुलांना तर दुहेरी पेच. त्यांच्या देशात युद्ध चालू, आणि सना या राजधानीचा विमानतळ प्रवासी वाहतुकीस २०१६ पासूनच बंद. ‘आपल्या घरी जा’ असे म्हणणाऱ्याला घराचा पत्ता सांगता येईना.

केंद्र सरकारने त्या वेळी सवलत दिली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १ फेब्रुवारी २०२० नंतर ज्यांच्या व्हिशाची मुदत संपली त्यांना ती विनाशुल्क वाढवून मिळेल असे जाहीर झाले. आधी ३ मेपर्यंत, मग आंतरराष्ट्रीय वाहतूक सुरू झाल्यावर आणखी ३० दिवसांपर्यंत. परंतु त्याला एक अट होती. अर्ज केला पाहिजे.

ही अट कागदावर लहान दिसते. आमच्या ओळखीचा वाळूजच्या एका कारखान्यातील कामगार आहे. त्याने वरची खोली एका परदेशी विद्यार्थ्याला भाड्याने दिलेली. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला: “भाऊ, पोराची मुदत महिनाअखेर संपते. त्याला नेतील ते नेतील, मलाही नेतील का?” मी कागद वाचून दाखवावयास सांगितले. अर्जाला राहत्या जागेचा पुरावा हवा. भाडेकरार तोंडी, विजेचे बिल वारलेल्या वडिलांच्या नावावर. संस्थेचे बोनाफाईड प्रमाणपत्र हवे. संस्था बंद, लिपिक गावी अडकलेला. नवा फोटो हवा, फोटो स्टुडिओ बंद. कागद स्कॅन करून चढवावे तर नेट कॅफेला कुलूप. आणि घरमालकाने ‘फॉर्म सी’ भरलाच नव्हता, कारण असे काही असते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. शेवटी कागदांचे फोटो मोबाईलवर काढले, आधीची वर्दी उशिरा का होईना भरली, प्रमाणपत्र लिपिकाने गावाहून ईमेलने मिळवून दिले, आणि अर्ज गेला. अर्जाचा क्रमांक आला तो त्या मुलाने वहीच्या पानावर लिहून पाकिटात ठेवला. आम्हा संघटनेच्या माणसांना याचे मोल विशेष कळते. आवक क्रमांकाचा शिक्का नसलेले मागणीपत्र म्हणजे न दिलेले मागणीपत्र.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. सरकारचा एक हात मुदती वाढवीत होता त्याच दिवसांत दुसरा हात निराळे काम करीत होता. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन भागातील तबलीगी जमातीच्या मरकजमध्ये साथ आढळली. २ एप्रिलला केंद्रीय गृहखात्याने ९६० परदेशी नागरिकांचे पर्यटक व्हिसे रद्द करून त्यांना काळ्या यादीत घातले आणि राज्यांच्या पोलिसांस कारवाई करण्यास सांगितले. आपल्या शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबूती, बेनिन आणि इंडोनेशिया या देशांतील २९ जणांवर गुन्हे नोंदले गेले. त्यांना मशिदींत आसरा देणाऱ्या स्थानिकांवरही नोंदले गेले. कलमे पुष्कळ होती: साथरोगाचा १८९७ चा कायदा, आपत्ती व्यवस्थापन कायदा, भारतीय दंड विधान, आणि त्यांत १९४६ च्या कायद्याचे चौदावे कलम, म्हणजे व्हिशाच्या अटी मोडल्या. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद.

हे प्रकरण आपल्याच शहरात, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आले. न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि न्यायमूर्ती एम. जी. सेवलीकर यांनी २१ ऑगस्ट २०२० रोजी निकाल दिला. अर्जदारांचे म्हणणे असे होते की आम्ही रीतसर व्हिशावर आलो, विमानतळावर आमची तपासणी झाली, जिल्ह्यात आल्यावर पोलीस अधीक्षकांना आम्ही आल्याचे कळविले. मग टाळेबंदी झाली, लॉज बंद झाले, म्हणून मशिदीत राहिलो. हजेरी दिली होती, असा त्या म्हणण्याचा मथितार्थ. न्यायालयाने व्हिशाचे नियम उघडून पाहिले. पर्यटकाने धर्मप्रचार करू नये, असे नियमात आहे. पण पर्यटकाने प्रार्थनास्थळास भेट देऊ नये किंवा प्रवचन ऐकू नये, असे नाही. प्रचार केल्याचा पुरावा नव्हता. न्यायालयाने गुन्हे रद्द केले.

न्या. नलावडे यांनी याहून पुढे जाऊन लिहिले की संकटाच्या काळात राजकीय सरकार बळीचा बकरा शोधते आणि या परदेशी माणसांना तसे निवडले गेले असण्याचा संभव दिसतो. अतिथीला देव मानण्याच्या आपल्या परंपरेप्रमाणे आपण खरोखर वागत आहोत काय, असेही त्यांनी विचारले. न्या. सेवलीकर यांनी अंतिम आदेशास मान्यता दिली, मात्र सहकारी न्यायमूर्तींच्या काही कारणमीमांसेशी आपण सहमत नाही अशी स्वतंत्र नोंद केली. निकाल सांगताना हे दोन्ही सांगावे. एकच अर्धे सांगणारे दोन्हीकडे पुष्कळ आहेत. माझ्या मते महत्त्वाचे ते, ज्यावर दोघांचे एकमत झाले: अट मोडली असे म्हणण्यापूर्वी अट काय आहे ते वाचले पाहिजे.

येथे एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. त्याच वर्षी ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते मध्य प्रदेशचे. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून निघून भुसावळकडे पायी चालले होते. त्या वेळी लागू असलेल्या १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात परप्रांतीय कामगाराची नोंद करावी, त्याला फोटोचे पासबुक द्यावे, प्रवासभत्ता द्यावा, असे सारे लिहिलेले होते. परदेशी माणसाचे रजिस्टर इतके काटेकोर की एक रात्र मुक्काम झाला तरी वर्दी हवी. आपल्याच देशातील मजुराचे रजिस्टर इतके सैल की तो चालत निघाला हे कोणाला कळले नाही. विषयांतर झाले, पण ते झाल्यावाचून राहवत नाही.

इतर देशांनी काय केले? थायलंडमध्ये दीर्घकाळ राहणाऱ्या परदेशी माणसाला दर ९० दिवसांनी पत्त्याची वर्दी द्यावी लागते. तेथील सरकारने २०२० मध्ये ती वर्दी थांबविली आणि मुक्कामाची मुदत सर्वांना आपोआप वाढवून दिली, आधी ३१ जुलै, मग २६ सप्टेंबरपर्यंत. कचेरीपुढे रांग लागली तर रोगच पसरेल, हा साधा विचार. पोर्तुगालने मार्चअखेर ठरविले की १८ मार्चपर्यंत ज्यांचे अर्ज पडून आहेत ते सर्व ३० जूनपर्यंत रीतसर रहिवासी समजावेत. पुरावा कोणता? अर्ज केल्याची पोच. तेवढ्यावर त्यांना दवाखाना खुला झाला. हे वाचून मला त्या मुलाचे पाकीट आठवले.

आपल्याकडेही ही गोष्ट कायद्याला अपरिचित नाही. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्यखंड कायद्याचे दहावे कलम सांगते की एखादे काम ठरल्या दिवशी कचेरीत करावयाचे असेल आणि त्या दिवशी कचेरी बंद असेल, तर कचेरी उघडेल त्या दिवशी केले तरी ते वेळेत झाले असे धरावे. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० रोजी आपण होऊन आदेश काढला आणि १५ मार्चपासून देशातील सर्व दावे-अपिलांच्या मुदती वाढविल्या. तेथे कोणाला अर्ज करावा लागला नाही. परदेशी नागरिकांना हे समजुतीचे माप मिळावयास वर्षाहून अधिक काळ लागला: ४ जून २०२१ रोजी गृहखात्याने जाहीर केले की अडकलेल्यांचा व्हिसा ३१ ऑगस्ट २०२१ पर्यंत वैध समजला जाईल आणि त्यासाठी अर्ज करण्याची गरज नाही. मार्च २०२० मध्ये हेच एक वाक्य लिहिले असते तर किती फोन वाचले असते! नियमित आंतरराष्ट्रीय विमाने २७ मार्च २०२२ ला सुरू झाली.

आता ते जुने कायदे राहिलेले नाहीत. १९२० चा पासपोर्टविषयक, १९३९ चा, १९४६ चा आणि २००० चा विमान-जहाज कंपन्यांच्या जबाबदारीचा, असे चार कायदे रद्द होऊन त्यांच्या जागी २०२५ चा एकच कायदा आला आणि तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. मुदतीपलीकडे राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी परका नाही हे सिद्ध करण्याचा भार पूर्वीप्रमाणेच त्या माणसावर. शिक्षणसंस्थांनी आणि रुग्णालयांनी वर्दी देण्याची जबाबदारी आता खुद्द कायद्यातच घातली आहे. जागा देणाऱ्याची तर आहेच. म्हणून पहाडसिंगपुऱ्यात किंवा बेगमपुऱ्यात ज्यांच्या वरच्या खोलीत परदेशी मूल राहते त्यांनी भाडेकरार लेखी करावा, विजेचे बिल चालू मालकाच्या नावावर करून घ्यावे, आणि वर्दी दिली की तिची पोच छापून एक प्रत आपल्यापाशी व एक त्या मुलापाशी ठेवावी. छापण्याचे दुकान उघडे आहे तोवर.