परशुरामाचे पुनरुड्डाण



२५ एप्रिल २०१८ या दिवशी सौराष्ट्रातील जामनगरच्या विमानतळावर दोन इंजिनांचे, पंख्याचे, शेपूट जमिनीला टेकवून बसणारे एक जुने विमान उतरले. १७ एप्रिलला इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीहून ते निघाले होते. फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहारीन आणि ओमान असे मुक्काम करीत ते मायदेशी आले होते. आजचे जेट विमान हाच प्रवास एका रात्रीत उरकते. याला नऊ दिवस लागले. तरीही त्याच्या स्वागताला वायुदलाचे अधिकारी आनंदाने पुढे आले. हे विमान म्हणजे डाकोटा. त्याचे नाव ‘परशुराम’ आणि त्याच्या शेपटीवरील क्रमांक व्हीपी ९०५. एके काळी भंगारात निघालेले हे यंत्र पुन्हा आकाशात कसे चढले आणि ते चढविण्याचा खटाटोप का करावा, या दोन प्रश्नांचा आज आपण विचार करू.

प्रथम या विमानाची ओळख करून घेऊ. अमेरिकेतील डग्लस कंपनीचे डीसी-३ हे विमान १७ डिसेंबर १९३५ रोजी प्रथम उडाले. ते मुळात प्रवाशांसाठी होते. दुसरे महायुद्ध पेटल्यावर त्याचीच लष्करी आवृत्ती हजारोंच्या संख्येने बांधली गेली. ब्रिटिशांनी तिला डाकोटा हे नाव दिले आणि आपल्याकडेही तेच रूढ झाले. पंखांचा पसारा सुमारे ९५ फूट, लांबी सुमारे ६४ फूट, प्रत्येकी बाराशे अश्वशक्तीची दोन इंजिने आणि पोटात सुमारे अठ्ठावीस सशस्त्र सैनिकांची जागा, असा त्याचा संसार. त्याच्यावर तोफ नाही, बंदूक नाही. ते लढणारे विमान नव्हे. लढणाऱ्यांना भाकरी, गोळी आणि औषध पोचविणारे विमान. लष्करातील ओझ्याच्या खेचराला जे स्थान, तेच वायुदलात डाकोटाला होते. आयसेनहॉवर यांनी युद्ध जिंकून देणाऱ्या साधनांत बुलडोझर, जीप आणि मालमोटारीच्या जोडीला याच विमानाचा उल्लेख केला, तो काही उगाच नव्हे.

आपल्या भूमीशी त्याचा संबंध जुना आहे. मध्य भारतातील झाशी, ललितपूर, ग्वाल्हेर या टापूत, ज्या जिल्ह्याच्या कानपूर रस्त्यावर मोठ हा कसबा वसला आहे त्याच बुंदेलखंडाच्या माळांवर आणि जंगलांत, १९४३ साली जनरल विंगेट यांच्या चिंडिट सैन्याने ब्रह्मदेशातील मोहिमेची तयारी केली. शत्रूच्या पिछाडीस उतरून लढायचे आणि रसद आकाशातून घ्यायची, ही त्या सैन्याची रीत. मार्च १९४४ मध्ये ही मोहीम निघाली तेव्हा इंजिनरहित ग्लायडर ओढून नेणारी आणि जंगलात साफ केलेल्या पट्ट्यांवर रात्री उतरणारी विमाने याच जातीची होती. रस्ता नसेल तेथेही सैन्य तग धरू शकते, हा धडा त्या वेळी गिरविला गेला. तीनच वर्षांनी तो स्वतंत्र भारताच्या उपयोगी पडला.

२७ ऑक्टोबर १९४७ ची ती सकाळ. काश्मीरच्या महाराजांनी सामीलनाम्यावर स्वाक्षरी केली होती आणि टोळीवाले बारामुल्ल्यापर्यंत आले होते. दिल्लीहून श्रीनगरला वेळेत पोचेल असा जमिनीवरचा मार्ग नव्हता. वायुदलाच्या बाराव्या स्क्वॉड्रनची डाकोटा विमाने पहिल्या शीख पलटणीचे जवान घेऊन पहाटे दिल्लीहून उडाली. श्रीनगरचा विमानतळ आपल्या हातात आहे की शत्रूच्या, याची खात्री निघताना नव्हती. विमाने उतरली, जवान धावपट्टीवरून थेट मोर्चावर गेले. त्यांचे सेनानी लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्याच लढ्यात धारातीर्थी पडले. पण विमानतळ वाचला आणि विमानतळ वाचला म्हणून खोरे वाचले. मागोमाग मुलकी कंपन्यांचे डाकोटाही या कामी लागले. त्या पहिल्या तुकडीतील विमानाचा क्रमांक होता व्हीपी ९०५.

पुढे वेढ्यात सापडलेल्या पूंछमध्ये सैनिकांनी आणि नागरिकांनी मिळून धावपट्टी तयार केली. तिच्यावर एअर कमोडोर मेहरसिंग यांनी डाकोटा उतरवला. येताना धान्य व दारूगोळा, जाताना निर्वासित आणि जखमी, अशा खेपा सुरू झाल्या. २४ मे १९४८ रोजी याच मेहरसिंगांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन लेहच्या वाळूवर विमान टेकविले. ती जागा समुद्रसपाटीपासून अकरा हजार फुटांहून अधिक उंचीवर. वाटेत त्याहून कितीतरी उंच शिखरे आणि विमानात कृत्रिम हवादाबाची सोय नाही. ज्या यंत्राकडून त्याच्या जनकांनीही अशी अपेक्षा केली नव्हती, त्या यंत्राने ते काम केले.

सुमारे चार दशके सेवा करून डाकोटा वायुदलातून निवृत्त झाला. काही विमाने संग्रहालयांत गेली. बरीच मोडीत निघाली. एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हे वायुदलातील डाकोटाचे वैमानिक. त्यांचे पुत्र राजीव चंद्रशेखर यांनी २०११ साली असे एक विमान भंगारातून मिळविले आणि ते दुरुस्त करून वायुदलाला भेट देण्याचे मनात धरले. ही भेट आरंभी स्वीकारली गेली नाही. पुढे गोमंतकाचे सुपुत्र मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना तिला होकार मिळाला. कॉव्हेंट्री येथील रिफ्लाइट एअरवर्क्स या संस्थेत विमान सिद्ध झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये दानपत्र वायुदलप्रमुख धनोआ यांच्या हाती आले आणि ४ मे २०१८ रोजी गाझियाबादजवळील हिंडन तळावर विमान समारंभपूर्वक दाखल झाले.

एवढ्या वाक्यांत जी वर्षे गेली, त्यांत नेमके काय करावे लागते? जुने घर दुरुस्त करणारा गवंडी भिंत उभी आहे ना, एवढे पाहून पुढे जातो. विमानाच्या कारागिराला तसे करता येत नाही. त्याला न दिसणाऱ्या रोगाचा शोध घ्यावयाचा असतो. डाकोटाचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पातळ पत्र्याचे आहे. या धातूला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. परंतु ओल आणि खारी हवा लागली की त्यावर पांढरी भुकटी धरते, आणि कधी कधी वरचा रंग शाबूत असता आत धातूच्या कणांच्या सीमेसीमेवरून क्षय पसरून पत्र्याचे पापुद्रे सुटू लागतात. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा पत्रा जेथे एकमेकांना भिडतात, तेथे ओलाव्यामुळे जणू एक लहान विद्युतघटच तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजते. म्हणून पहिले काम म्हणजे रंग उतरविणे, आतील अस्तर, आसने, फळ्या, नळ्या, तारा सर्व बाहेर काढणे आणि विमानाचा सांगाडा उघडा करून तपासणे.

पत्रे जोडलेले असतात रिव्हेटांनी. अशा एका विमानात त्यांची संख्या लाखांच्या घरात जाते. खराब पत्रा काढावयाचा म्हणजे प्रत्येक रिव्हेटाचे डोके छिद्र पाडून अलगद उडवावयाचे. नवा पत्रा बसविताना बाहेरून एकाने हवेच्या हातोड्याने ठोकावयाचे आणि आतून दुसऱ्याने पोलादी ठोकळा धरून रिव्हेटाचे शेपूट चेपावयाचे. दोघे एकमेकांना दिसत नाहीत. ठोक्याच्या नादावरून त्यांचा मेळ बसतो. काही कठीण जातीचे रिव्हेट तापवून, विझवून बर्फासारख्या थंडीत ठेवावे लागतात. कारण बाहेरच्या उष्णतेत ते थोड्याच वेळात कडक होऊन ठोकण्याच्या कामाचे राहात नाहीत. अशी विद्या पुस्तकात वाचून हाती येत नाही. ती जाणणाऱ्या कारागिराशेजारी उभे राहूनच ती शिकावी लागते.

पंखाची रचना मात्र या विमानाचे मोठे भाग्य. त्याचा भार एकाच तुळईवर नसून अनेक तुळया आणि पत्र्याचे कप्पे यांच्यावर वाटून दिलेला आहे. एका ठिकाणी चीर पडली तरी भार शेजारी सरकतो. डाकोटाच्या दीर्घायुष्याचे एक मोठे कारण हेच. तथापि बाहेरचा पंख मधल्या भागाला बोल्टांच्या लांब ओळीने जोडलेला असतो, आणि तो सांधा फार बारकाईने तपासावा लागतो. क्ष-किरण, झिरपणारा रंग, विद्युत्-प्रवाह यांच्या साहाय्याने केसाएवढी चीरही हुडकून काढतात. सुकाणू आणि शेपटीचे हलते भाग धातूच्या चौकटीवर कापड ताणून केलेले असतात. ते कापड जुने झाले की उतरवून नवे शिवावे आणि लेप देऊन ताठ करावे लागते.

आता इंजिन. प्रत्येक इंजिनात चौदा सिलिंडर, सात-सातच्या दोन वर्तुळांत मांडलेले, आणि ते थंड राखते समोरून येणारी हवा. प्रत्येक सिलिंडराला दोन ठिणगीचे प्लग, म्हणजे एका इंजिनाला अठ्ठावीस. इंजिन थांबल्यावर वरचे तेल हळूहळू पाझरून तळच्या सिलिंडरांत साचते. तेल दाबले जात नाही. तसेच सुरू केले तर पिस्टनचा दांडा वाकेल. म्हणून उड्डाणापूर्वी माणसे हातांनी पंख्याची पाती फिरवून इंजिन मोकळे आहे की नाही ते पाहतात. या इंजिनांना जेट विमानांचे रॉकेलवजा इंधन चालत नाही. त्यांना विशिष्ट प्रकारचे पेट्रोल लागते, आणि ते आज सर्व विमानतळांवर मिळत नाही. प्रवासाचा मार्ग आखताना याचाही हिशेब धरावा लागतो.

यानंतर दोन गोष्टी उरतात, आणि त्या धातूच्या नाहीत. एक कागदपत्रे. विमानाच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाची जन्मनोंद, दुरुस्तीची नोंद आणि वापराच्या तासांची नोंद असावी लागते. भाग नवा दिसतो, पण त्याचा इतिहास ठाऊक नाही, तर तो बसविता येत नाही. दुसरी गोष्ट वैमानिक. शेपटीच्या चाकावर चालणारे विमान जमिनीवर अवखळ असते. उतरल्यावर पाय सैल पडले तर शेपूट पुढे येऊ पाहते आणि विमान गरकन फिरते. जेट विमानांवर वाढलेल्या वैमानिकाला ही जुनी शिस्त नव्याने शिकावी लागली. विमान जिवंत करणे म्हणजे हे ज्ञानही जिवंत करणे होय.

येथे एक शंका उभी राहते. हे विमान म्हणजे १९४७ साली श्रीनगरला उतरलेले विमान नव्हे. ते त्याच जातीचे, महायुद्धाच्याच काळात बांधलेले दुसरे विमान असून त्याने तो मानाचा क्रमांक धारण केला आहे. त्यातले पत्रे बदलले, तारा बदलल्या, दिशादर्शनाची नवी साधने आली. मग यात खरे काय उरले? माझ्या मते हे स्पष्टपणे सांगितले, तर त्यात फसवणूक नाही. आजोबांचे नाव नातवाला ठेवतो तेव्हा नातू आजोबा आहे असे आपण म्हणत नाही. त्यांची आठवण घरात हाक मारून जागी राहावी, एवढाच हेतू असतो. त्यातही नाव निवडले ते परशुरामाचे, सात चिरंजीवांपैकी एकाचे. परंतु चिरंजीवपण नावाने लाभत नाही. ते रोजच्या निगेने टिकवावे लागते.

निगेचा हा मुद्दा किती गंभीर आहे, हे त्याच वर्षी दिसून आले. ४ ऑगस्ट २०१८ रोजी स्वित्झर्लंडच्या डोंगरात युंकर्स-५२ जातीचे, १९३९ साली स्विस वायुदलासाठी बांधलेले विमान कोसळले आणि त्यातील वीसही माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीत वैमानिकांनी दरीतून धोक्याच्या रीतीने विमान नेल्याचा ठपका आला. शिवाय अवशेषांत क्षय आणि चिरा आढळल्या. त्या अपघाताचे कारण नव्हत्या, पण तपासणीतून त्या निसटल्या होत्या. जुन्या यंत्रावरचे प्रेम जर शिस्तीहून मोठे झाले, तर ते प्रेमच घातक ठरते. जुने विमान उडविण्याचा अधिकार त्यालाच, जो ते जमिनीवर ठेवण्याचा निर्णयही तितक्याच सहजतेने घेऊ शकतो.

मग ते संग्रहालयात सुरक्षित का ठेवू नये? ठेवावेच, दिल्लीच्या पालम येथील वायुदलाच्या संग्रहालयात जुनी विमाने आहेत आणि ती पाहण्याजोगी आहेत. पण उभे विमान पाहून त्याचा आकार कळतो, त्याचा आवाज कळत नाही. २६ जानेवारी २०२२ रोजी राजपथावरून एक डाकोटा आणि दोन डॉर्नियर अशी तीन विमाने गेली. त्या रचनेला नाव दिले होते ‘टांगाइल’. ११ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व बंगालमधील टांगाइल येथे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण आकाशातून उतरली. माघार घेणाऱ्या शत्रूची वाट रोखण्यासाठी तिने पुंगळीचा पूल ताब्यात घेतला, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या भारतीय तुकड्यांत ती होती. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या कितीतरी घरांतून जी पोरे त्या पलटणीत गेली, त्यांना त्या दिवशी वाहून नेणाऱ्या विमानांत इतरांबरोबर डाकोटाही होते.

लढणाऱ्यांची नावे इतिहास लिहून ठेवतो. वाहून नेणाऱ्यांची, ठोकून जोडणाऱ्यांची, पहाटे हातांनी पाती फिरविणाऱ्यांची नावे बहुधा राहून जातात. परशुराम डोक्यावरून घुमत जातो तेव्हा त्या अनामिकांची नोंद आकाशात पुन्हा एकदा होते. जोवर ती विद्या जाणणारे हात तयार होत राहतील, तोवर ते विमान उडेल.