नवं वर्ष उजाडलं आणि मेल अडले

१ जानेवारी २०१० रोजी जगभरच्या कित्येक मेल सर्व्हरवर साधे, कामाचे मेल अचानक स्पॅम ठरू लागले. पाठवणारे तेच, मजकूर तसाच. बदललं होतं फक्त वर्ष.

या सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन हा खुला, मोफत फिल्टर होता. जस्टिन मेसन यांनी तो २००१ मध्ये आणला. आलेला प्रत्येक मेल तो शेकडो नियमांवर घासून बघतो. संशयास्पद लक्षण दिसलं की गुण वाढतात, भरवशाचं दिसलं की कमी होतात. बेरीज ५ झाली की मेल स्पॅम. त्यातला एक नियम तारखेचा होता. आपला मेल इनबॉक्समध्ये सर्वांत वर राहावा म्हणून स्पॅमवाले पुढच्या कुठल्यातरी वर्षाची तारीख टाकत. त्यांना पकडायला नियमात लिहिलं होतं: २०च्या पुढे १ ते ९ पैकी अंक आला की ते साल फार दूरच्या भविष्यातलं समजावं. लिहिणाऱ्याच्या काळात ते खरंच होतं. २०१० उजाडताच प्रत्येक मेल 'भविष्यातला' झाला आणि बहुतेक ठिकाणी या एका नियमाचेच तीनहून अधिक गुण त्याच्या माथी बसले. एरवी दोन गुणांवर सुखरूप सुटणारा मेल आता पाचाच्या पार गेला. चूक विकासकांच्या पुढच्या आवृत्तीत आधीच सुधारली होती, पण वापरातल्या आवृत्तीच्या नियमांपर्यंत ती दुरुस्ती पोहोचली नव्हती. त्याच दिवशी ती पाठवली गेली.

हा दोष शोधायला काय लागलं? अडलेल्या मेलचं हेडर, म्हणजे मजकुराच्या आधीची तांत्रिक माहिती, उघडणं. स्पॅमअसॅसिन तिथे एका ओळीत सगळा हिशेब मांडतो: एकूण गुण किती, मर्यादा किती, कोणकोणते नियम लागू झाले. दहा अडलेले चांगले मेल शेजारी शेजारी ठेवले आणि दहाही ठिकाणी एकच नियम दिसला, तर गुन्हेगार सापडला. मला खटकतं ते हे, की ही ओळ न वाचताच अनेक जण मर्यादा ५वरून ८वर नेतात. त्याने तक्रारी थांबतात खऱ्या, पण खरा स्पॅमही आत शिरतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

ती ओळ इतरही दुखणी सांगते. बेझ या गणितज्ञाच्या संभाव्यतेच्या सूत्रावर चालणारा फिल्टरचा भाग नमुन्यांतून शिकतो. किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल दाखवल्याशिवाय तो मतच देत नाही. शिकवूनही ओळीत त्याचं नाव नसेल, तर बहुधा शिकवलं रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, खात्यातून आणि फिल्टर चालतोय दुसऱ्याच खात्यातून. दोघांच्या वह्या वेगळ्या. स्पॅमशी जोडलेल्या पत्त्यांची काळी यादी ठेवणाऱ्या सेवेने 'तुमची विचारणा अडवली' असं कळवलं असेल, तर सर्व्हर सार्वजनिक डीएनएसमार्फत, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणाऱ्या सामाईक सेवेमार्फत, विचारत असण्याची शक्यता मोठी. अशा सामाईक ठिकाणाहून येणाऱ्या प्रचंड विचारणांना या सेवा उत्तर देत नाहीत. सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर बसवला की काम भागतं.

काळ्या याद्यांचाही काळ संपतो. ओआरडीबी ही यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली, तरी अनेक सर्व्हर तिला विचारतच राहिले. मार्च २००८ मध्ये तिच्याकडून प्रत्येक पत्त्याला 'यादीत आहे' असं उत्तर मिळू लागलं आणि त्या सर्व्हरनी येणारा सगळा मेल परतवला. सव्वा वर्ष कुणी सेटिंगची फाईल उघडून पाहिलीच नव्हती.

अडलेला मेल कुणाच्या नोकरीचं बोलावणं असतो, कुणाचा वैद्यकीय अहवाल. म्हणून सर्व्हर सांभाळणाऱ्यांना विनंती: नियम रोज आपोआप अद्ययावत होतील अशी सोय करा, वापरात असलेल्या याद्या अजून चालू आहेत का ते तपासा, आणि मर्यादेला हात लावण्याआधी हेडर वाचा.