विश्लेषण: नाव बदललं की सॉफ्टवेअर का अडखळतं?

२४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने औरंगाबाद शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर करायला मंजुरी दिली. सप्टेंबरमध्ये जिल्हा आणि तालुक्याचंही नाव बदललं. रेल्वे स्थानकाचं नाव बदलायला मात्र ऑक्टोबर २०२५ उजाडला. पाटी एका दिवसात रंगवता येते. सॉफ्टवेअरमध्ये एखादं नाव बदलायचं, तर ते आणखी कुठे कुठे वापरलंय हे आधी शोधावं लागतं. ते न शोधता केलेल्या बदलातूनच 'डिपेंडन्सी एरर' येते.

नेमकं काय अडतं?

समजा, वाळूजमधल्या एखाद्या कारखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कामगारांच्या माहितीचं एक टेबल आहे. त्यातले मोजके रकाने दाखवणारा हजेरीचा 'व्ह्यू' आहे, म्हणजे साठवून ठेवलेली तयार क्वेरी. त्या व्ह्यूवरून पगार काढणारी 'प्रोसिजर' आहे. एका शनिवारी कुणीतरी टेबलमधल्या एका रकान्याचं नाव बदललं. टेबल व्यवस्थित आहे, पण महिनाअखेरीस पगार अडकतो. चूक एकीकडे आणि बोंब तिसरीकडे, म्हणून ती सापडायला वेळ लागतो.

प्रत्येक डेटाबेसची तऱ्हा वेगळी

ओरॅकल असा बदल करू देतं, पण त्यावर अवलंबून असलेल्या व्ह्यू आणि प्रोसिजरवर 'इनव्हॅलिड' असा शिक्का मारतं. पुढच्या वापराच्या वेळी ते स्वतःच त्यांना पुन्हा कंपाइल करून बघतं. जमलं नाही तर 'ओआरए-०४०६३' हा संदेश येतो. अनेक जण लगेच सगळं पुन्हा कंपाइल करणारी 'यूटीएलआरपी' स्क्रिप्ट चालवतात. पण मूळ रकानाच त्या नावाने उरला नसेल, तर ती दहादा चालवूनही उपयोग नाही.

एसक्यूएल सर्व्हर नाव बदलताना एक सावधगिरीची सूचना देतो आणि मोकळा होतो. प्रोसिजर प्रत्यक्ष चालते तेव्हाच ती कोसळते.

पोस्टग्रेसचं वागणं सगळ्यांत बोलकं आहे. तिथे व्ह्यू आतल्या आत नावावर नाही, तर क्रमांकावर बांधलेला असतो. त्यामुळे रकान्याचं नाव बदललं तरी व्ह्यू चालतो. फंक्शनच्या आतला मजकूर मात्र सहसा जसाच्या तसा साठवलेला असतो, ते अडतं. टेबल काढून टाकायला गेलात तर पोस्टग्रेस नकार देतं, कोण कोण अवलंबून आहे ते सांगतं आणि सोबत 'कॅस्केड' वापरण्याचा पर्यायही सुचवतं. घाईत असलेला माणूस तोच उचलतो. कॅस्केड म्हणजे अवलंबून असलेले व्ह्यूही सोबत साफ. एरर जाते आणि तिच्याबरोबर हजेरीचा रिपोर्टही.

मग शोधायचं कसं?

ओरॅकलमध्ये 'यूझर डिपेंडन्सीज' ही यादी असते, एसक्यूएल सर्व्हरमध्येही तशीच सोय आहे. बदल करण्याआधी ती बघणं हाच खरा उपाय. बदल होऊन गेला असेल, तर दिसणाऱ्या एररपासून एकेक पायरी खाली उतरत जायचं: प्रोसिजर, मग व्ह्यू, मग टेबल. दुरुस्ती मात्र उलट, टेबलापासून वर. याद्यांवरही डोळे झाकून विसंबू नये. प्रोग्राममध्ये ऐन वेळी जोडून तयार होणारी क्वेरी त्यांत दिसत नाही.

एरर न येणारी चूक

एरर आली तर निदान कळतं तरी. एखाद्या व्ह्यूच्या अटीत 'जिल्हा = औरंगाबाद' असं लिहिलेलं असेल आणि टेबलमधली नोंद 'छत्रपती संभाजीनगर' झाली, तर डेटाबेसच्या लेखी सगळं सुरळीत असतं. रिपोर्ट उघडतो, फक्त त्यात एकही ओळ नसते.

म्हणून नावाऐवजी कोडवर बांधणी करतात. तसंही नाव पुरेसं नव्हतंच. बिहारमध्येही औरंगाबाद जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या औरंगाबाद जिल्ह्याचा कोड ५१५ होता. त्या आकड्यात नाव नाही, त्यामुळे नाव बदललं म्हणून तो बदलण्याची गरज नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटवरचं 'एमएच-२०'ही तसंच कायम आहे. रेल्वे स्थानकाचा 'एडब्ल्यूबी' हा कोड मात्र जुन्या नावाच्या अक्षरांतून आला होता. स्थानकाचं नाव बदललं तेव्हा तोही बदलून 'सीपीएसएन' झाला.